धारणीची बदली

मे महिना उजाडला की वऱ्हाडातल्या शिक्षकांच्या, ग्रामसेवकांच्या आणि कारकुनांच्या घरांत एक गावाचे नाव दबक्या आवाजात उच्चारले जाते. ते नाव म्हणजे धारणी. अमरावतीपासून सुमारे दीडशे किलोमीटरवर, सातपुड्याच्या पलीकडच्या उतारावर, तापीच्या खोऱ्यात वसलेले हे तालुक्याचे ठिकाण शासकीय सेवकांच्या शब्दकोशात ‘काळे पाणी’ या अर्थानेच नोंदले गेले आहे. वशिला असलेला मनुष्य तेथे जात नाही आणि वशिला नसलेला गेल्यावाचून राहत नाही, अशी आमच्या काळी म्हण पडली होती. हल्ली बदल्या संगणकावर होतात म्हणे. परंतु धास्ती तीच आहे.

1983 साली प्रस्तुत लेखकाच्या नावाने तो हुकूम निघाला. दर्यापूरकडच्या खारपाणपट्ट्यात, कपाशीच्या काळ्या सपाट रानात वाढलेल्या माणसाला डोंगर ठाऊक होता तो चिखलदऱ्याच्या सहलीपुरता. परतवाडा मागे टाकून गाडी घाट चढू लागली, सेमाडोह गेले, हरिसाल गेले आणि सागाच्या जंगलातून दिवस मावळताना धारणी आली, तेव्हा मनात जी भावना होती तिला प्रामाणिकपणे तुच्छताच म्हटले पाहिजे. भीती होती ती निराळीच. पण तुच्छता अधिक होती. आपण सुसंस्कृत प्रदेशातून असंस्कृत प्रदेशात चाललो आहोत, याविषयी माझ्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

देशाटनाने मनुष्य शहाणा होतो, असे आपल्याला लहानपणापासून घोकविण्यात येते. वस्तुस्थिती तशी नाही. दर पावसाळ्यात हजारो पर्यटक मेळघाटात येतात, धबधब्यासमोर छायाचित्रे काढतात, मक्याची कणसे खातात आणि जसे आले तसेच परत जातात. इतकेच काय, पंधरा-पंधरा वर्षे धारणीत काढूनही शनिवारी दुपारी परतवाड्याची गाडी पकडण्यापलीकडे ज्यांच्या मनाने दुसरा प्रवास केला नाही, असे सहकारी मी पाहिले आहेत. परक्या संस्कृतीत नुसते राहिल्याने काही घडत नाही. तेथे आपले काहीतरी अडले पाहिजे. आपले ज्ञान उपयोगाला येत नाही, असा प्रसंग ओढवला पाहिजे. माझ्या बाबतीत तो भाषेने आणला.

माझ्या वर्गात पहिली ते चौथीची मिळून तीसेक मुले होती. ती बोलत नसत. प्रश्न विचारला की भिंतीकडे पाहत. मी पहिल्या सहामाहीच्या नोंदवहीत ‘आकलनशक्ती कमी’ असा शेरा निम्म्याहून अधिक मुलांपुढे लिहिला आणि माझ्या आधीच्या गुरुजींनीही तोच शेरा लिहिलेला असल्याने माझी खात्री अधिकच दृढ झाली. मुले कोरकू बोलतात हे मला माहीत होते. परंतु कोरकू ही मराठीचीच एखादी मोडकीतोडकी बोली असावी, असा माझा समज होता. वास्तविक आम्हा वऱ्हाडी माणसांना तरी हे शोभत नव्हते. ‘काहून’ म्हटले की पुण्याकडचा मनुष्य कसा गालातल्या गालात हसतो, हे आम्ही जन्मभर सोसलेले. तरीही खाली पाहण्यासाठी आपल्याहून खालची पायरी सापडली की मनुष्य आपला अपमान विसरतो, हेच खरे.

गोष्ट घडली ती एका बैलजोडीवरून. शब्द गोळा करण्याचा नाद मला कंटाळ्यातून लागला होता. चौथीतला एक मुलगा माझा गुरू. शाळेसमोरून जाणाऱ्या बैलजोडीकडे बोट दाखवून मी मोठ्या ऐटीत एक कोरकू वाक्य बोललो आणि सारा वर्ग खदखदून हसला. वर्षभरात ती मुले प्रथमच हसली. माझ्या गुरूने दोन बोटे वर करून शब्दाचा शेवट बदलून दाखवला. तो बदल काय आहे, हे उमगायला मला आठवडा लागला. कोरकूत प्राणी आणि माणसे यांच्यासाठी एकवचन आणि अनेकवचन यांच्यामध्ये आणखी एक वचन आहे. दोन बैल निराळे, तीन बैल निराळे. दर्यापूरच्या शाळेत संस्कृतचे द्विवचन पाठ करताना आम्ही रडकुंडीला आलो होतो. मराठीने ते ओझे केव्हाच टाकून दिले. आणि ज्यांच्यापुढे मी ‘आकलनशक्ती कमी’ असे लिहिले होते, ती सात-आठ वर्षांची पोरे ते द्विवचन शेळ्या वळताना सहज वापरत होती.

पुढे जे वाचनात आले त्याने हे आश्चर्य वाढतच गेले. कोरकू ही मराठीची बोली तर नव्हेच. ती आर्य किंवा द्राविड कुळातलीही नाही. ती मुंडा कुळातली. तिची सख्खी भावंडे म्हणजे संथाळी, मुंडारी, हो. ती तिकडे झारखंडात आणि ओडिशात, शेकडो मैलांवर. एकपासून पाचपर्यंतचे अंक कोरकू माणसाने म्हटले तर रांचीकडच्या मुंडा माणसाला ते ओळखीचे वाटतील. अमरावतीच्या माणसाला वाटणार नाहीत. ‘कोरो’ म्हणजे मनुष्य आणि ‘कु’ हा अनेकवचनाचा प्रत्यय. म्हणजे ‘कोरकू’ या नावाचा अर्थच ‘माणसे’ असा आहे. मेळघाटातून वाहणारी सिपना नदी घ्या. तिच्या नावाचा अर्थ विचारावा, असे मला तीन वर्षे सुचले नव्हते. सिपना म्हणजे साग. 2011 च्या जनगणनेत ही भाषा बोलणारे सात लाखांहून अधिक लोक नोंदले गेले. ते मेळघाटात, आणि त्याहून अधिक संख्येने पलीकडे बैतूल, खंडवा, बुऱ्हाणपूर या भागांत आहेत. याच डोंगररांगेच्या पायथ्याशी, जळगाव जामोदच्या बाजूला, निहाली नावाची एक भाषा बोलली जाते. तिचे नाते जगातल्या कोणत्याही भाषेशी निश्चितपणे जोडता आलेले नाही. भाषापंडितांना ज्यासाठी समुद्र ओलांडावे लागतात ते आमच्या जिल्ह्यांच्या कुशीत पडून आहे आणि आम्ही त्यावर ‘जंगली भाषा’ एवढी चिठ्ठी चिकटवून मोकळे झालो आहोत.

एक गोष्ट मात्र मला मराठीच्या अधिक जवळची आढळली. हिंदीला एकच ‘हम’ पुरतो. मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असे दोन शब्द आहेत. समोरचा माणूस त्यात धरला आहे की वगळला आहे, हे मराठी बोलणाऱ्याला तोंड उघडतानाच ठरवावे लागते. कोरकूतही हा भेद आहे, आणि द्विवचनामुळे तो दुपटीने सूक्ष्म आहे : मी आणि तू असे दोघे, मी आणि तो, तुला सोडून, असे दोघे, तुझ्यासकट आपण सारे, तुला वगळून आम्ही सारे. ज्या मुलाच्या कानाला हा भेद इतका जन्मजात आहे, त्याच्यापुढे मी पाठ्यपुस्तक उघडून ‘आपले सण’, ‘आपले पूर्वज’, ‘आपली भाषा’ असे शिकवत होतो. त्या ‘आपण’मध्ये तो कोठेही नव्हता. मुले भिंतीकडे का पाहतात, हे मला तेव्हा थोडेसे कळले.

विजयादशमीचा प्रसंग असाच आहे. शाळेत मी रावणाच्या दुष्टपणावर चांगले अर्धा तास बोललो. मुले नेहमीप्रमाणे गप्प होती. परंतु त्या दिवशीचे गप्प बसणे निराळे होते. संध्याकाळी गावचा भुमका, म्हणजे गावदेवाची पूजाअर्चा पाहणारा वृद्ध, अंगणात येऊन बसला. रागावला नव्हता. हिंदी-मराठी-कोरकू अशा मिश्र भाषेत त्याने मला एक कथा सांगितली. पुढे रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांच्या 1916 सालच्या जातिजमातींवरील ग्रंथात ती मला जवळजवळ तशीच छापलेली सापडली. सातपुड्याचे डोंगर ओस पडलेले पाहून रावणाने महादेवाला विनविले, की येथे माणसांची वस्ती कर. महादेवाने तांबड्या मातीचे वारूळ शोधायला कावळ्याला पाठविले आणि त्या मातीचे एक पुरुष आणि एक स्त्री असे दोन पुतळे केले. इंद्राच्या घोड्यांनी ते तुडवून टाकले. दोनदा असेच झाले. तेव्हा महादेवाने आधी एक कुत्रा घडवून त्याच्यात प्राण फुंकला. त्या कुत्र्याने घोड्यांना अडविले आणि मग मुला व मुलाई ही जोडी जिवंत झाली. त्यांची लेकरे म्हणजे कोरकू. भुमका म्हणाला, “गुरुजी, त्याने मागितले नसते तर आम्ही नसतो.” एवढे बोलून तो उठून गेला.

रामायणावरची माझी श्रद्धा त्या रात्री ढळली, असे मुळीच नाही. आजही रामनवमीला आमच्या घरी सुंठवडा होतो. बदलले ते एवढेच, की एखादी कथा कोणापुढे सांगतो आहोत याचा विचार न करता ती सांगणे मला पुढे कधी जमले नाही. होळीला त्या गावांत मेघनाथाचा उंच खांब उभा राहतो आणि कामासाठी दूरदूर गेलेली माणसे त्या दिवसांत मिळेल त्या वाहनाने घरी परततात. ‘रावणाच्या पोराची पूजा’ म्हणून नाक मुरडणाऱ्या आमच्या एका सहकाऱ्याने त्याच सुटीत गावी जाऊन मुलाच्या लग्नात रीतसर हुंडा मोजून घेतला होता.

हुंड्याचा विषय निघाला म्हणून सांगतो. कोरकू समाजात वराकडून वधूच्या बापाला मोबदला देण्याची रीत आहे. ऐपत नसेल तर मुलगा काही वर्षे सासऱ्याच्या शेतावर राबून तो फेडतो. त्याला लमझना म्हणतात. आम्ही पांढरपेशे लोक याला ‘मुली विकणे’ म्हणत असू. 1961 साली हुंडाबंदीचा कायदा झाला आणि त्यानंतरही आमच्याकडे पदवीधर मुलाचा भाव उघडपणे बोलला जात होता. मुलगी घरातून जाते म्हणजे दोन राबते हात जातात आणि त्याची भरपाई झाली पाहिजे, हा हिशेब रोखठोक असेल. पण त्यात मुलीला किंमत आहे. आमच्या हिशेबात तिचे ओझे उतरविण्याचे पैसे द्यावे लागतात. मला एक कन्या आहे. तिच्या लग्नाच्या वेळी हा विचार मनातून जाईना, आणि त्यामुळे दोन स्थळे हातची गेली, हेही नमूद केले पाहिजे.

येथे थांबून एक खुलासा करणे आवश्यक आहे. आदिवासी म्हणजे निष्पाप, निसर्गपुत्र, आणि आपण तेवढे भ्रष्ट, असे गोडवे गाण्याची एक पद्धत शहरात रूढ आहे. तिलाही मी तुच्छतेचेच उलटे रूप मानतो. मेळघाटात मी दारूने उद्ध्वस्त झालेली घरे पाहिली. तेराव्या-चौदाव्या वर्षी संसाराला लागलेल्या मुली पाहिल्या. पोट फुगलेल्या तान्ह्या मुलाच्या पोटावर तापलेल्या विळ्याचे चटके दिलेले पाहिले आणि संतापाने त्या आईवर ओरडलो. परिणाम असा झाला, की पुढे महिनाभर त्या वस्तीतल्या बायका मला पाहिले की मुलांना पदराखाली झाकून घेत. मुले भाजायची थांबली नाहीत. ती माझ्यापासून लपविली जाऊ लागली, इतकेच. त्या भागात एक परिचारिका होत्या. त्या कोरकू अस्खलित बोलत. त्या आधी पडियाराच्या, म्हणजे मांत्रिक वैद्याच्या, अंगणात जाऊन बसत, त्याच्या हातचा चहा घेत आणि मग त्यालाच सोबत घेऊन आजारी मुलाला धारणीच्या दवाखान्यात नेत. मला हा तत्त्वच्युतीचा प्रकार वाटला होता. ज्या मुलाला त्यांनी तसे नेले ते वाचले.

1993 साली मेळघाटातल्या बालमृत्यूंनी साऱ्या देशाचे लक्ष वेधले. त्यानंतर समित्या आल्या, अहवाल आले, न्यायालयात याचिका झाल्या. योजनांची मोजदाद करणे कठीण व्हावे इतक्या योजना झाल्या आणि तरीही प्रश्न संपलेला नाही. ज्यांच्या हातून काही टिकाऊ काम झाले त्यांची चरित्रे पाहिली, तर एक गोष्ट ठळकपणे दिसते : ती माणसे स्वतः बदलली, मग त्यांचे काम बदलले. शेगावचे डॉ. रवींद्र कोल्हे नागपुरात वैद्यकीय शिक्षण घेऊन 1985 च्या सुमारास बैरागडला गेले, तेव्हा तेथपर्यंत पोहोचायला चाळीस किलोमीटर पायी चालावे लागे. रोग्याला तपासून औषध द्यावे, अशी त्यांची कल्पना होती. न्यूमोनियाने आणि अतिसाराने दगावणारी मुले ही मुळात अर्धपोटी मुले आहेत, थंडीत त्यांच्या अंगावर कपडा नाही आणि घरात पावसाळ्यात धान्य नाही, हे पाहिल्यावर या डॉक्टरांनी पुन्हा शिक्षण घेऊन एम.डी. केले आणि पुढे स्वतः शेतीत पाय घातला. जनावरांचे औषधपाणीही लोक त्यांच्याकडेच मागू लागले. डॉ. स्मिता कोल्हे यांनी नागपूरचा चांगला चाललेला व्यवसाय सोडून हा संसार पत्करला. त्यांचे तान्हे मूल गंभीर आजारी पडले तेव्हा अकोल्याला हलवा असे लोक म्हणत असता, गावातल्या इतर मुलांना जे उपचार मिळतात तेच आपल्या मुलाला, असा निर्णय त्यांनी घेतला. हा निर्णय योग्य की अयोग्य, हे मला आजही ठरविता येत नाही. बाप म्हणून तो माझ्याच्याने झाला नसता. परंतु त्या दिवसापासून ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांतले अंतर बैरागडात मिटले, एवढे खरे. 2019 साली या दांपत्याला पद्मश्री मिळाली.

धारणीजवळ उतावली येथे डॉ. आशिष आणि डॉ. कविता सातव यांनी ‘महान’ संस्थेचे रुग्णालय उभे केले. लवादा येथे सुनील आणि निरुपमा देशपांडे यांनी बांबू केंद्र चालविले. 2021 साली सुनील देशपांडे गेले. बांबू वाकविण्याची कला आपण आदिवासींना शिकवायला आलो नाही, त्यांच्याकडची कला बाजारापर्यंत न्यायला आलो, ही जाणीव त्या केंद्राच्या मुळाशी आहे. मारुती चितमपल्ली वनाधिकारी म्हणून जंगलात आले आणि पक्ष्यांची, झाडांची नावे आदिवासी वाटाड्यांकडून शिकत लेखक झाले. गोदावरी परुळेकर यांचे उदाहरण तर सर्वविदित आहे. पुण्याच्या सुखवस्तू घरातली ही विदुषी वारल्यांच्या झोपडीत राहिली आणि 1970 साली ‘जेव्हा माणूस जागा होतो’ लिहिले. त्यात जागा झालेला माणूस फक्त वारली नाही, असे वाचणाऱ्याला पानोपानी वाटत राहते.

हे सारे आमच्या बाजूचे झाले. आम्ही तिकडे गेलो, आमची दृष्टी बदलली, आम्ही लेख लिहिले. पण परक्या संस्कृतीचा अनुभव घेण्याची सक्ती ज्यांच्यावर रोज होते त्यांच्याविषयी कोण लिहितो? सहा वर्षांचे कोरकू मूल शाळेच्या उंबऱ्यातून आत येते तेव्हा ते परदेशातच जाते. तेथली भाषा परकी, देव परके, जेवण परके, गोष्टीतला रावणही परका. आम्हाला त्यांचे चार शब्द आले तर आमचे कौतुक होते. त्यांना आमचे चारशे शब्द आले नाहीत तर ते नापास होतात.

1973-74 मध्ये मेळघाटची निवड देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्रप्रकल्पांत झाली. पुढे गाभ्यातली गावे उठविण्याचे काम सुरू झाले आणि कोहा, कुंड, बोरी ही गावे अकोट तालुक्यात, सपाटीवर येऊन वसली. त्यांच्यामागून आणखी गावे आली. मोबदला मिळाला, रस्ता मिळाला, वीज मिळाली. वाघासाठी जागा मोकळी झाली पाहिजे, याविषयी माझे दुमत नाही. परंतु गावदेव मुठवा वेशीवर मागे राहिला. मृताच्या सिडोलीच्या वेळी ज्यावर चंद्र, सूर्य आणि घोडेस्वार कोरून उभे करतात ते लाकडी मुंडे जंगलात राहिले. मोहाची झाडे राहिली. हातात आलेला पैसा बँकेत कसा ठेवावा, हे बहुतेकांना ठाऊक नव्हते आणि सपाटीवरच्या दुकानदारांना तो कसा काढून घ्यावा हे चांगले ठाऊक होते. काही वर्षांनी पुनर्वसित गावांतले लोक पुन्हा डोंगरात परतले. 2019 च्या जानेवारीत वनखात्याची आणि त्यांची जोराची चकमक उडाली. वृत्तपत्रांनी ती कायदा आणि सुव्यवस्थेच्या सदरात छापली. दीडशे किलोमीटरवर बदली झाली म्हणून चार वर्षे कुरकुरणारा मी, त्या बातमीचा विचार करीत बराच वेळ बसून राहिलो. मला निदान परतीची गाडी होती.

शासनाने काय करावे, याची यादी देण्याचा माझा अधिकार नाही आणि तशा याद्या पुष्कळ झाल्या आहेत. एवढेच सुचवावेसे वाटते, की धारणी आणि चिखलदरा या तालुक्यांत जाणाऱ्या प्रत्येक सेवकाला, मग तो शिक्षक असो, तलाठी असो की डॉक्टर, रुजू होण्यापूर्वी महिनाभर कोरकू शिकवावी, आणि शिकविणारा कोरकूच असावा. अमेरिकेला निघालेला आमचा मुलगा सहा महिने आधीपासून इंग्रजीचे उच्चार सुधारतो. एकाच जिल्ह्यात जाणाऱ्याला ते करावेसे वाटत नाही, कारण आपण आपल्याच घरात चाललो आहोत अशी त्याची समजूत असते.

गेल्या जूनमध्ये परतवाड्याच्या बसस्थानकावर एक तरुण शिक्षक भेटला. चेहऱ्यावरूनच ओळखले, की हुकूम धारणीचा आहे. तेथे खोली मिळते का, मोबाईल लागतो का, शनिवारची शेवटची गाडी किती वाजता असते, असे त्याने विचारले. जे माहीत होते ते सांगितले. माझ्या पिशवीत माझी जुनी वही होती. दोनशे-सव्वादोनशे शब्द, काही वाक्ये, आणि शेवटच्या पानावर चार तऱ्हेचे ‘आम्ही’. ती त्याला दिली. त्याने पाने चाळली, आभार मानले आणि वही बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवली. सेमाडोहची गाडी लागली होती.